अर्ज आणि निवेदन : नोकरीच्या कागदावरचे आपले गद्य

दलित साहित्याच्या चर्चेत कविता येते, कथा येते, आत्मकथन तर येतेच येते. पत्र येत नाही. आणि पत्रांतही जे पत्र आपल्यातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाने आयुष्यात वीस-पंचवीस वेळा तरी लिहिलेले असते, ते मुळीच येत नाही. नोकरीच्या अर्जावर जोडायचे पत्र, ज्याला ऑफिसच्या भाषेत कव्हरिंग लेटर म्हणतात, त्याबद्दल मी बोलतो आहे. हा विषय वाङ्मयीन नव्हे, असे कोणी म्हणेल. प्रस्थापित समीक्षेने काय वाङ्मयीन मानले आणि काय मानले नाही, याचा हिशेब आपण पूर्वीच मांडला आहे. ज्या गद्यावर एका घराची चूल पेटणार की नाही हे अवलंबून असते, ते गद्य तपासायला काय हरकत आहे?

मी असोद्यात राहतो. जळगावपासून पाच-सहा किलोमीटर. बाहेरच्या महाराष्ट्राला हे गाव बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून ठाऊक आहे आणि खाणाऱ्यांना भरिताच्या वांग्यांसाठी. संध्याकाळी माझ्याकडे मुले कागद घेऊन येतात. कोणाला एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात अर्ज करायचा असतो, कोणाला डाळ मिलच्या ऑफिसात, कोणाला खाजगी शाळेत, कोणाला कर्जवसुलीच्या कामावर. बहुतेक कागद झेरॉक्सच्या दुकानातून आलेले असतात. दुकानदाराच्या संगणकात एक नमुना कायमचा ठेवलेला असतो. नाव, पत्ता आणि तारीख बदलली की नवा अर्ज तयार. एकदा एका मुलीच्या अर्जाखाली दुसऱ्याच कोणा मुलाचे नाव राहून गेले होते. ती तो कागद तीन ठिकाणी देऊन आली होती. तिन्ही ठिकाणी कोणाच्या लक्षात आले नाही, कारण कोणी वाचलाच नव्हता. ही गोष्ट मी हसत सांगत असे. आता सांगत नाही.

त्या नमुन्याची भाषा वाचकांना पाठ असेल. घरची परिस्थिती हलाखीची आहे. वडील मोलमजुरी करतात. मी गरीब व होतकरू उमेदवार आहे. नोकरीची अत्यंत गरज आहे. तरी मेहेरबानांनी सहानुभूतिपूर्वक विचार करून संधी द्यावी. आपला आज्ञाधारक. सबंध पानात अर्जदाराला काय येते, यावर एकही वाक्य नाही. त्याच्याजवळ काय नाही, याची यादी मात्र पुरी आहे.

ह्यावर 'आमच्या मुलांना लिहिता येत नाही' असा शेरा मारून मोकळे होता येते. आमच्या स्टाफरूममध्ये तो रोज मारला जातो. तो खोटा आहे आणि त्याचा पुरावा माझ्या टेबलाच्या खणात आहे. असाच अर्ज घेऊन आलेल्या एका मुलाने वर्षभरापूर्वी, शिष्यवृत्ती अडकली तेव्हा, विद्यार्थ्यांच्या वतीने एक निवेदन लिहिले होते. त्याची प्रत मी जपून ठेवली आहे. पहिल्याच वाक्यात किती विद्यार्थी, किती महिने, किती रक्कम. दुसऱ्या परिच्छेदात कोणता कागद कोणत्या तारखेला कोणाकडे दिला आणि कोठे थांबला. तिसऱ्यात मागणी. शेवटी मुदत, आणि मुदतीत काम न झाल्यास काय करणार ते. एक विशेषण जास्तीचे नाही. 'कृपा' हा शब्द नाही. असे गद्य आमच्या विभागातल्या कोणा प्राध्यापकाला लिहिता येईल असे मला वाटत नाही. मलाही येणार नाही. तोच मुलगा, तोच पेन. समूहासाठी लिहितो तेव्हा ताठ उभा राहतो आणि स्वतःसाठी लिहायला बसला की वाकतो. माझा प्रश्न येथून सुरू होतो.

'अर्ज' ह्या शब्दाला दोष देण्याचा मोह होतो. अरबीतून आलेल्या ह्या शब्दात विनवून सांगण्याची छटा आहे. पण नुसत्या शब्दाने माणूस वाकत नाही, सवयीने वाकतो. पहिल्या पिढीतला शिकणारा मुलगा आयुष्यातला पहिला अर्ज कशासाठी लिहितो? फी-माफीसाठी, वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी. त्या अर्जात पात्रता म्हणजे उणीव. उत्पन्न किती कमी हे सिद्ध करायचे, जात कोणती हे सिद्ध करायचे, मग त्या सिद्धीची पडताळणी करून घ्यायची. दहा-बारा वर्षे हात ह्याच वळणाने लिहितो. बाविसाव्या वर्षी नोकरीचा कागद समोर आला की तोच हात पुन्हा उणीव लिहू लागतो. त्याला वाटते, पात्रता म्हणतात ती हीच. शिष्यवृत्ती देणाऱ्याला आपली गरज ऐकायची असते आणि नोकरी देणाऱ्याला स्वतःची गरज भागवायची असते, हा फरक त्याला कोणी सांगितलेला नसतो. ज्या घरात तीन पिढ्या नोकऱ्या झाल्या तेथे तो जेवताना कानावर पडतो. आमच्या घरात कोणी सांगायचे?

ह्यातला विरोधाभास असा की ती शिष्यवृत्ती कोणाच्या दयेने आलेली नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगोंना एक विस्तृत निवेदन दिले. त्यात अस्पृश्यांच्या दुःखाचे वर्णन करून डोळ्यांत पाणी आणण्याचा प्रयत्न नाही. सरकारी नोकऱ्यांत आमची माणसे किती, शिक्षणावर सरकार आमच्यासाठी काय खर्च करते, आणि काय करायला हवे, असा तो हिशेब आहे. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. मान वर ठेवून लिहिलेल्या एका कागदाने मिळवलेली गोष्ट आमच्या मुलाच्या हातात येते ती मान खाली घालून भरायच्या फॉर्मच्या रूपात.

आपल्या गद्याचा इतिहास आत्मकथनांपासून मोजण्याची पद्धत पडली आहे. माझ्या मते तो अर्जापासून मोजायला हवा. आणि अर्जाच्याही आधी एक चित्र डोळ्यांसमोर ठेवायला हवे. वतनदार महार गावाचा कागद तालुक्याला नेत असे, सरकारी लखोटा, मयताचा सांगावा, भरलेल्या वसुलीबरोबरचा पहारा. त्या लखोट्यात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. दुसऱ्यांची पत्रे शतकानुशतके वाहणाऱ्या माणसाचे स्वतःचे पत्र नव्हते. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे माझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखत.

त्या माणसांपैकी ज्यांना फौजेने अक्षर दिले, त्यांनी लिहिलेले पहिले मोठे पत्र नोकरीसाठी आहे. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले, पेन्शन घेऊन दापोलीला स्थायिक झालेले. १८९० नंतर महारांची सैन्यभरती थांबली, तेव्हा १८९४ साली अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने त्यांनी ती पुन्हा सुरू करावी म्हणून विनंतिपत्र तयार केले. एका संपूर्ण जातीने केलेला नोकरीचा अर्ज, असेच त्याला म्हणावे लागेल. त्याचा आधार पूर्वजांवर आहे. आम्ही मूळचे क्षत्रिय, आमच्या वाडवडिलांनी रणांगण गाजवले, असा त्यातला युक्तिवाद. आज आपल्याला तो पटणार नाही. पात्रता सिद्ध करायला वर्णव्यवस्थेतलीच वरची पायरी मागावी लागली, यात पराभव आहेच. पण एक गोष्ट त्यात नाही. आम्ही उपाशी आहोत म्हणून घ्या, असे ते पत्र म्हणत नाही. आम्ही हे काम केलेले आहे, असे म्हणते.

सोळा वर्षांनी, १९१० मध्ये, पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. त्यातली मागणी वाचताना जीव कासावीस होतो. मोठ्या राजकीय अधिकारांची आम्हांला आकांक्षा नाही, तेवढे शिक्षण आमच्याकडे नाही. पोलिसातले शिपाई आणि फौजेतले सैनिक अशा अगदी खालच्या जागा तरी आम्हांला द्या, अशा आशयाचे ते लेखन आहे. मागणी खालची, पण मांडणी वलंगकरांच्या पुढची. पूर्वजांचे माहात्म्य मागे पडून राज्यकर्त्यांच्या न्यायबुद्धीला आणि समान नागरिकत्वाला हाक घालणारा सूर येथे पुढे येतो. आणि १९१० पासून १९४२ पर्यंत फक्त बत्तीस वर्षांचे अंतर आहे. 'खालची जागा तरी द्या' येथून 'इतके टक्के जागा आमच्या' येथपर्यंत आपले गद्य बत्तीस वर्षांत गेले. मराठीतल्या दुसऱ्या कोणत्या गद्यप्रवाहाने एवढा पल्ला इतक्या थोड्या काळात गाठला, हे मला कोणी दाखवून द्यावे.

वलंगकरांच्या पत्राला उत्तर केव्हा आले म्हणाल, तर पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महारांची एक पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली गेली. आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. सत्तेचाळीस वर्षे. 'आठ दिवस झाले, सर, अजून बोलावणे नाही' म्हणणाऱ्या मुलाला मी हे सांगत नाही. त्याचे पोट सत्तेचाळीस वर्षे थांबणार नाही.

आता ज्या प्रश्नाला बगल देता येणार नाही त्याकडे वळतो. चांगले पत्र लिहून नोकरी मिळते का? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना टपालाने अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फक्त आडनावे वेगळी. एक सवर्ण, एक दलित, एक मुस्लिम. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण दोन-तृतीयांश निघाले आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोला असाच प्रयोग काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या नावांनी झाला, त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तेथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना जवळपास दीडपट बोलावणी आली. म्हणजे मजकूर वाचण्याआधी खालची सही वाचली जाते. बाबासाहेबांना हे १९१७ साली बडोद्याने शिकवले. कोलंबियातून परतलेला, राज्याच्या नोकरीवर रुजू व्हायला आलेला हा माणूस राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नावाने उतरला आणि ओळख उघडी पडताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. पुढच्याच वर्षी सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. तेथे काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली.

आमच्या खानदेशात तर नावाचा खेळ आणखी गुंतागुंतीचा आहे. सोनवणे, सपकाळे ही आडनावे एकाहून अधिक जातींत सापडतात. त्यामुळे नावावरून निकाल लागत नाही, आणि मग मुलाखतीत गोड आवाजात प्रश्न येतो, 'कुठले सोनवणे तुम्ही?' मलाही आला आहे. गाव सांगितले की, 'गावात कुठे राहता?' दिल्ली परिसरातल्या मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखती घेऊन सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ साली जे लिहिले त्यातही हाच धागा आहे. ते लोक म्हणतात आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, आणि उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतात.

येथे साहित्याला पुन्हा हाक मारावी लागते. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' ह्या १९६३ च्या संग्रहातली ती कथा आपण विद्रोहाची कथा म्हणून शिकवतो. ती मुळात एका नोकरीवर रुजू होणाऱ्या माणसाची कथा आहे, हे वर्गात सांगायचे राहून जाते. दया पवारांच्या 'बलुतं'त (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवाराला सांगतो. एकाच माणसाची दोन नावे, एक वस्तीतले आणि एक ऑफिसातल्या हजेरीपटापर्यंत पोचलेले. अर्जाखाली ह्यातली कोणती सही करायची, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या पायाशी आहे असे मला वाटते.

आणि प्रस्तावना? प्रस्तावना हे पुस्तकाचे कव्हरिंग लेटरच नव्हे काय? निरक्षर बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापली गेली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. अण्णा भाऊंच्या 'फकिरा'ला वि. स. खांडेकरांची, नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची. ह्या तिघांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांनी दार उघडले, हे मान्य करायलाच हवे. परंतु ओळखीच्या माणसाची चिठ्ठी असल्याशिवाय आत घेत नाहीत, ही रीतही त्यातून दिसते. ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही, त्याला आपली चिठ्ठी आपणच लिहावी लागते. कव्हरिंग लेटरची किंमत मला येथे दिसते. ज्याला वशिला आहे त्याच्यासाठी तो औपचारिक कागद आहे. इतरांसाठी, कोणी विचारण्याआधी स्वतःविषयी दोन वाक्ये बोलण्याची ती एकच जागा. फॉर्मच्या रकान्यात गुण बसतात. आपण केलेले काम रकान्यात बसत नाही.

काम म्हणजे कोणते, हे एका उदाहरणाने सांगतो. ह्या उदाहरणात माझी चूक आहे, म्हणूनच ते सांगणे भाग आहे.

तो निवेदन लिहिणारा मुलगा एका कारखान्यात स्टोअर आणि हिशेबाच्या साहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज करत होता. मी त्याला म्हटले, गरिबी खोड, काय केले आहेस ते लिही. त्याने विचार केला आणि लिहिले की, तीन वर्षे वस्तीतल्या जयंती उत्सव समितीचा तो खजिनदार होता. शेवटच्या वर्षी १ लाख १२ हजारांची वर्गणी. पावतीपुस्तके क्रमांकाप्रमाणे वाटून परत घेतली. मंडप, ध्वनिक्षेपक, पोलिसांची परवानगी, मुलांना वह्या. उरलेले पैसे बँकेत आणि सगळा हिशेब विहाराच्या पायऱ्यांवर, शंभर माणसांसमोर, वाचून दाखवला. एका रकमेवर एका आजीने हरकत घेतली तर पावती काढून दाखवली. स्टोअरच्या माणसाकडून आणखी काय हवे असते? वाणिज्य शाखेच्या कोणत्या पदवीधराने बाविसाव्या वर्षी एवढ्या रोख रकमेचा उघड हिशेब दिला आहे?

मी तो परिच्छेद वाचला आणि म्हटले, 'हे काढून टाक.' तो म्हणाला, 'का, सर?' मी म्हटले, 'जयंती लिहिलेस की कळेल.' त्याने माझ्याकडे पाहिले. काही बोलला नाही. त्याने 'एका सामाजिक संस्थेत हिशेबाचे काम पाहिले' असे मोघम वाक्य घातले, आणि ते वाक्य झेरॉक्सच्या दुकानातल्या वाक्यांइतकेच मेलेले होते. बोलावणे आले नाही. मूळ परिच्छेद राहिला असता तर आले असते, असे मी म्हणत नाही. वर दिलेले आकडे मी विसरलेलो नाही. परंतु दोन-तृतीयांश म्हणजे शून्य नव्हे, आणि त्या दोन-तृतीयांशातली जागा त्याला मिळायची तर कशाच्या बळावर, हे मी स्वतःच्या हाताने पुसले होते.

मी असे का केले, हे मला ठाऊक आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या पहिल्या अर्जात मी वसतिगृहाचा पत्ता दिला नव्हता. त्या वसतिगृहाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आहे. शहरातल्या एका मित्राच्या फ्लॅटचा पत्ता घातला आणि मुलाखतीचे पत्र त्याच्या घरी आले. ती नोकरी मला लागली नाही, तासिका तत्त्वावर कित्येक वर्षे काढली, तरी पत्ता लपवण्याची रीत मात्र लागली. बागुलांची ती कथा मी दर वर्षी वर्गात शिकवतो.

लपवावे की लिहावे, याचा सर्वांसाठी एकच निर्णय देण्याचा मला अधिकार नाही. ज्याच्या घरात आज संध्याकाळचे पीठ नाही त्याने एक ओळ गाळली तर मी त्याला भेकड म्हणणार नाही. कार्यकर्त्यांच्या बैठकीत असे शब्द स्वस्तात वापरले जातात. पण गाळायची की ठेवायची हे त्याने ठरवावे, शिक्षकाने नव्हे. शिक्षकाने शिकवावे ते एवढेच की त्या ओळीत काम आहे. ते क्रियापदात दिसले पाहिजे, आकड्यात दिसले पाहिजे. निवेदनाचे गद्य अर्जात आणता येते. किती, कधी, काय केले, आणि ते तुमच्या ह्या जागेवर कोठे उपयोगी पडेल. पान भरत नसेल तर अर्धे पान पुरे. आणि पत्राची एक प्रत तारखेसह स्वतःजवळ ठेवावी, कारण 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असे सांगितले जाते तेव्हा आपण काय देऊ केले होते ते दाखवायला दुसरे काही हाताशी नसते.

गेल्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा आला. दुसरी जागा, दुसरा कारखाना. ह्या वेळी कागद हाताने लिहिलेला होता, झेरॉक्सच्या दुकानात टाईप करायला देण्याआधीचा. पहिलेच वाक्य वर्गणीच्या रकमेचे होते आणि जयंती हा शब्द जागेवर होता. पावतीपुस्तकांची संख्याही त्याने घातली होती, ती गेल्या वेळी नव्हती. मी व्याकरणाच्या दोन चुका काढल्या, दुसरे काही काढले नाही. शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहून त्याने खोडले होते आणि पुढची जागा रिकामी सोडली होती. तेथे काय लिहायचे, असे त्याने मला विचारले. आम्ही दोघे बराच वेळ बसलो. मग त्याने नुसते नाव लिहिले, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि खाली असोदा, तालुका जळगाव.